कृपया काढू नये

एका वेबसाइटच्या स्टाइलच्या फायलीत, म्हणजे पान कसं दिसावं ते लिहिलेलं असतं तिथे, चारशे बाराव्या ओळीवर मीच लिहून ठेवलेलं सापडलं, 'कृपया काढू नये'. खाली एकुलती एक सूचना: झूम, एक. म्हणजे ही चौकट एकपट मोठी करा. एकपट! आहे तेवढीच राहू द्या हे सांगायला एक ओळ, आणि ती ओळ राहू द्या हे सांगायला तिच्या डोक्यावर दुसरी.

का काढू नये, ते लिहिलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वीची मी एवढ्या काकुळतीने विनवते आहे त्या अर्थी तेव्हा काहीतरी खाली आलं असणार, एवढंच कळत होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. ओळ काढून पाहिली. काही झालं नाही. परत घातली. काही झालं नाही. मग पुन्हा काढायचा धीर होईना. ती तशीच ठेवून झोपायला गेले.

ही वेबसाइट बडोद्यातल्या एका जुन्या मराठी संस्थेची. २०१३ मध्ये मी ती फुकट करून दिली होती, कारण सेक्रेटरी काका बाबांचे मित्र, आणि बाबांच्या मित्रांना कुणी कोटेशन देत नाही. यंदा त्यांनी पुन्हा बोलावलं. दांडिया बजारातल्या कार्यालयात पंख्याखाली बसवून, चहा आणि लीलो चिवडा पुढे सरकवून म्हणाले, "अगं, जरा आजच्यासारखी कर ना. हलती."

हलती म्हणजे काय, तेही त्यांनी हाताने करून दाखवलं. वार्षिकोत्सवाचं नाव एकेक अक्षर उमटत यावं, पूर्वी दारातल्या फळ्यावर खडूने लिहीत तसं. कार्यक्रमांची यादी बोट लावलं की अलगद उलगडावी, दुसऱ्यांदा लावलं की अलगद मिटावी. आणि सगळं मराठीत नि गुजरातीत, दोन्हीत. कारण नव्या पिढीतली निम्मी मुलं मराठी बोलतात पण वाचताना गुजरातीकडे वळतात.

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

या धंद्यात सतरा वर्षं काढल्यावर असं वाटायला नको होतं. लग्नात कुणी विचारलं की मी सांगते, वेबसाइटचं दिसणं-वागणं बघते. खरं म्हणजे निम्मा वेळ बांधण्यात जातो आणि निम्मा टेकू लावण्यात. जी गोष्ट सरळ मागून मिळत नाही, ती आडवाटेने मिळवायची. याला सगळे जुगाड म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. जुगाडात एक फुशारकी असते, 'कसं जमवलं बघ' अशी. रात्री साडेअकराला जे करते त्यात फुशारकी कसली? सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांचा कोश करवून घेतला होता, १९३१ मध्ये तो छापून आला. आज असते तर माझ्यासाठी एक शब्द नक्की पाडून दिला असता. तोवर माझा शब्द टेकू.

तो आला आत्याच्या घरून. तिच्या जुन्या घरात ओटीवर तुळईखाली सागाचा एक टेकू होता. आम्ही भावंडं दर दिवाळीला त्याला पाठ लावून उंची मोजायचो. पेन्सिलीच्या रेघा आणि नावांची आद्याक्षरं. एका बाजूला खिळ्यावर किल्ल्या, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर. घराच्या डागडुजीला मिस्त्री आला तेव्हा त्याने टेकूला हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकलं, मग आत्याकडून एक जुनं पोस्टकार्ड मागून घेतलं आणि स्टुलावर चढून ते टेकूचं डोकं आणि तुळई यांच्या मधून घातलं. पोस्टकार्ड या बाजूने गेलं, त्या बाजूने बाहेर आलं. अडलं नाही. "आ तो कंई उपाडतो ज नथी," तो म्हणाला. हा काही उचलतच नाही. किती वर्षांपासून उचलत नव्हता कोण जाणे. आत्याने पोस्टकार्ड परत घेतलं, झटकलं आणि म्हणाली, "असू दे. किल्ल्या कुठे लावू मग?"

तर यादी. उलगडणारी यादी हे काम इतकं साधं दिसतं की नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात तेच देतात. मिटलेल्या चौकटीची उंची शून्य, उघडलेल्या चौकटीची आत जेवढा मजकूर तेवढी. शून्यापासून 'जेवढी असेल तेवढी'पर्यंत हळूहळू जा, असं ब्राउझरला सांगायचं. तो जात नाही. त्याला दोन आकडे लागतात. शून्य आणि एकशेऐंशी दिलेत तर मधले सगळे टप्पे तो गुळगुळीत चढेल. पण 'जेवढी असेल तेवढी', त्याच्या भाषेत 'ऑटो', हा आकडा नाही, तो नंतर होणारा हिशेब आहे, आणि हिशेब व्हायच्या आधी कुठवर चढायचं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो चढतच नाही, उडी मारतो.

यात ब्राउझरचा फार दोष नाही. सीएसएसची, म्हणजे स्टाइलची ती फाइल ज्या भाषेत लिहितात तिची, कल्पना हॉकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली, पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये पक्की झाली. तेव्हा डोळ्यांसमोर होता तो दस्तऐवज: मथळा, परिच्छेद, समास, अक्षराचा रंग. मजकूर जेवढा लांब तेवढं पान लांब, ही त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. हलवण्याचं खूळ पुढचं. २००७ च्या सुमारास वेबकिटवाल्यांनी, म्हणजे सफारी ब्राउझरचं इंजिन घडवणाऱ्यांनी, ते आणलं. ज्या घरात प्रत्येक भिंत आतल्या सामानाप्रमाणे आपोआप मागेपुढे होते, त्या घराला नंतर कुणीतरी लिफ्ट बसवायला घेतली. लिफ्टवाला विचारतो, मजला किती उंचीवर? घर म्हणतं, सामान आलं की बघू.

मग आम्ही काय करतो? खोटं बोलतो. उंचीऐवजी 'जास्तीत जास्त उंची' हलवतो आणि ती दोन हजार पिक्सेल सांगतो. दोन हजार हा आकडा मी २०१३ मध्ये टाकला होता, कुठलाही मजकूर याहून लांब असणार नाही अशा हिशेबाने. उघडमिटीला वेळ दिला चारशे मिलिसेकंद. आता आत मजकूर आहे एकशेऐंशी पिक्सेलचा. एकसारख्या वेगाने दोन हजारांकडे निघालेली चौकट एकशेऐंशीला पोचते छत्तीस मिलिसेकंदांत. पडद्याची दोन चित्रं बदलतात तेवढ्यात खेळ संपला. अलगद वगैरे काही नाही, खटका. मिटताना उलट. दोन हजारांपासून एकशेऐंशीपर्यंत ती रिकामी हवाच मिटवत बसते, तीनशे चौसष्ट मिलिसेकंद काहीच होत नाही, आणि मग धाडकन बंद. काका तेव्हा म्हणायचे, "बोट लावलं की ती जरा विचार करते." मी हसून घेतलं होतं. बारा वर्षं ती विचार करत होती, रिकाम्या हवेचा.

मधल्या काळात दुसरा टेकू निघाला, ग्रिडच्या, म्हणजे चौकटी आडव्या-उभ्या ओळींत मांडायच्या सोयीतल्या, ओळीला शून्य हिस्सा द्यायचा नि तिथून एक हिस्सा करायचा. २०२२ च्या अखेरीस क्रोमनेही ते हलवून दाखवायला सुरुवात केली. हा टेकू पुष्कळ प्रामाणिक आहे, फक्त त्यासाठी एका चौकटीच्या आत आणखी एक चौकट घालावी लागते, तिचं काम निव्वळ मधे उभं राहणं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये क्रोमच्या १२९ व्या आवृत्तीत खरी गोष्ट आली: एका ओळीत सांगा की 'ऑटो'पर्यंतही चढ, आणि तो चढतो. एक ओळ. ती वाचून मला आनंद होण्याऐवजी राग आला. सतरा वर्षांतल्या किती रात्री त्या एका ओळीच्या होत्या, याचा हिशेब मनात सुरू झाला. पण अशी ओळ सगळे ब्राउझर एका दिवशी देत नाहीत, तेव्हा जुना टेकूही ठेवायचा नि नवी तुळईही घालायची. टेकू जातात कधी? जात नाहीत. त्यांच्यावर कॅलेंडर लागतं.

झेड-इंडेक्सबद्दल थोडक्यात आटोपते, कारण तो विषय निघाला की माझं डोकं उठतं. कुठली चौकट कुठल्या चौकटीच्या वर, हे आकड्याने ठरतं. एकाने नऊशे नव्याण्णव लिहिलं की दुसरा नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहितो. माझ्याच फायलीत सहा नऊ एकापुढे एक आहेत. आणि तरी चौकट मागेच, कारण तिच्या आईबापांपैकी कुणावर तरी ॲनिमेशनसाठी एक ट्रान्सफॉर्म, म्हणजे सरकवण्या-फिरवण्याची सूचना, लावलेला असतो आणि त्याने तिथे वेगळा मजला तयार होतो. तळमजल्यावरचा सहाफुट्या माणूस पहिल्या मजल्यावरच्या रांगत्या पोरापेक्षा उंच होत नाही. हे कळायला मला चार वर्षं लागली आणि कळल्यावरही सहा नऊ काढले नाहीत.

भीती कसली, ते सांगते. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या अलकापुरीतल्या ऑफिसात एका नव्या मुलाने कोडची साफसफाई काढली. मनापासून करत होता बिचारा. एका ठिकाणी त्याला ओळ दिसली: या चौकटीची उंची वाचा. वाचलेली उंची पुढे कुठेच वापरलेली नाही, कशात साठवलेलीही नाही. मला म्हणाला, "बेन, आ लाइन तो कंई करती ज नथी." मी दुसऱ्या फोनवर होते, मान हलवली. त्याने काढली.

दोन दिवसांनी ग्राहकाचा निरोप: खिडकी पूर्वी अलगद उमलायची, आता थोबाडीत मारल्यासारखी येते. आम्ही सगळं तपासलं, वेळा, वेग, रंग. सगळं जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सेव-उसळ खाताना मला ती ओळ आठवली.

झालं होतं असं. ब्राउझर आळशी असतो, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर आपले फोन तापून फुटले असते. त्याला एका दमात दोन निरोप दिलेत, 'ही चौकट पारदर्शक ठेव' आणि 'आता दिसू दे', तर पहिला निरोप तो मनावर घेत नाही. शेवटी काय ठरलं तेवढं बघतो. सुरुवातच त्याने पाहिली नाही तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत हळूहळू जाणार कसा? म्हणून मधे त्याला विचारायचं, "बाबा रे, तुझी उंची किती?" उंची सांगायची म्हणजे तिथवरचा सगळा हिशेब त्याला करावाच लागतो. उत्तर आपण ऐकतसुद्धा नाही. विचारण्यातच काम झालं. आमच्याकडे घरी आलेल्याला "जेवलात का?" विचारतात, त्यातलाच प्रकार.

तर ती ओळ, जिच्याकडे बघून कुणीही म्हणेल ही काही करत नाही, तिच्यावर आख्खी खिडकी उभी होती. आणि माझी चारशे बारावी, जिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत विनंती, ती काय उचलत होती?

ते कळलं कार्यालयात पुढच्या खेपेला. काका बोलत होते आणि माझं लक्ष कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरकडे गेलं. त्या जागी तेव्हा संस्थेचा संगणक असायचा. त्यावर इंटरनेट एक्सप्लोरर, सातवी आवृत्ती, आणि कार्यालयातले बाकीचे लोक वेबसाइट त्याच संगणकावर बघायचे. त्या ब्राउझरची एक खोड होती: काही चौकटींना तो 'लेआउट' असलेल्या समजायचा, काहींना नसलेल्या, आणि नसलेल्यांतला मजकूर कुठेही सांडायचा. चौकटीला 'झूम एक' सांगितलं की तिला त्याच्या लेखी लेआउट मिळायचा. बस्स. मोठं करायचं नव्हतंच काही, त्याने तिला घरातली म्हणावं एवढ्यासाठी तो खटाटोप होता. तो संगणक भंगारात गेला. त्या ब्राउझरचा गाशा मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला गुंडाळला. ओळ उभीच. त्यातही गंमत अशी, की झूम हा तेव्हाचा बेकायदा प्रकार. पुढे त्यालाच रीतसर करायचं ठरलं आणि २०२४ मध्ये फायरफॉक्सनेही तो घेतला. म्हणजे माझा मेलेला टेकू आता कायदेशीर आहे.

घरी येऊन ती ओळ काढली. आणि ऑफिसातल्या त्या उंची विचारणाऱ्या ओळीवर चार ओळींचा मजकूर लिहिला: ही काय करते, का लागते, कुठल्या दिवशी काढल्यावर काय झालं. ओळीपेक्षा पत्रिका मोठी.

आता अक्षरं. इथे मात्र टेकूंनीही हात टेकले.

एकेक अक्षर उमटवायचं तयार कोड शेकड्याने मिळतं. सगळ्यांची रीत एकच: शब्दाचे तुकडे करा, थोडं थांबा, पुढचा तुकडा जोडा. तुकडा म्हणजे काय, हे रोमन लिपीत कुणाला विचारावं लागत नाही. मी 'वार्षिकोत्सव' दिलं. पडद्यावर आला व. मग वा. मग वार. मग त्या र खाली पाय मोडला, वार्. मग ष आला आणि र टुणकन उडून त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. मग वेलांटी आली ती ष च्या मागून धावत पुढे. नाव लिहिलं जात नव्हतं, त्याला झटके येत होते. कारण संगणकाच्या लेखी वार्षिकोत्सव बारा तुकड्यांचा आहे: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी असे सुटे सुटे. तुम्ही-आम्ही वाचतो पाच: वा, र्षि, को, त्स, व.

शब्दाचे तुकडे समंजसपणे पाडून देणारी सोय ब्राउझरात आहे. पण युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात कशा साठवायच्या ते ठरवणाऱ्या मानकाचे, जे नियम ती पाळते, त्यांत जोडाक्षर एक मानलेलं नव्हतं. काना-वेलांटी अक्षराला चिकटलेली, पण हलन्तापाशी तुकडा पडायचा. त्या हिशेबाने वार्षिकोत्सव सातांचा: वा, र्, षि, को, त्, स, व. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी, गुजराती अशा काही लिप्यांसाठी व्यंजन-हलन्त-व्यंजन न तोडण्याचा नियम घातला, आणि मग कुठे पाच झाले. बालवाडीतल्या पोराला जे टाळ्या वाजवून मोजता येतं ते पाच. जुन्या फोनांवर अजून सात. म्हणून तिथे मी पाच तुकडे हाताने लिहून दिले आहेत. नाव बदललं की फिरून हाताने.

त्यात प्रत्येक तुकड्याला वेगळी चौकट दिली तर तो वरून खाली उतरतही येतो. गुजरातीत हे छान दिसलं. गुजरातीच्या डोक्यावर रेघ नाही, अक्षरं सुटी आली काय, थोडी अंतराने उभी राहिली काय, तिचं काही बिघडत नाही. मराठीत शिरोरेषेचे तुकडे झाले, तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांपैकी मधलेच कुणी ओढून न्यावेत तसे. एकाच पानावर डावीकडे गुजराती नाव ऐटीत उतरतंय आणि उजवीकडे मराठी लंगडतंय, हे बडोद्यात बसून बघायला फार बरं वाटत नाही. मराठीचं उतरणं रद्द केलं, नुसतं उमटणं ठेवलं. गुजरातीचंही रद्द केलं. समान न्याय.

आणखी एक प्रसंग सांगायचा नव्हता, पण सांगते. गणेशोत्सवाच्या पानावर मथळा खालून वर सरकत येतो. डिझाइन केलं इंग्रजी नमुना मजकुरावर, त्यात ओळीची उंची अक्षराएवढीच, आणि बाहेर जाईल ते कापा अशी सूचना. सरकण्यासाठी कापणं लागतंच, तो टेकू आहे. इंग्रजीत कापायला काही नव्हतं. मराठीत मथळा होता 'मूर्ती' या शब्दाचा. रफार कापला गेला, वेलांटीची कमानही कापली गेली. उरलं ते काकांनी मोठ्याने वाचलं. इथे लिहवत नाही. ओळीची उंची दीडपटीहून वर नेली तेव्हा गणपतीची अब्रू वाचली.

काम संपलं ते तीन आठवड्यांनी. दाखवायला गेले तेव्हा कार्यालयात दोन काकू आणि एक निवृत्त मास्तरही येऊन बसले होते. काकांनी चष्मा लावला, टॅब हातात धरला. वा आलं. र्षि. को. काकांचे ओठ हलत होते. त्स. व. शेवटच्या व च्या पुढे खडूच्या टोकासारखी एक छोटी उभी रेघ लुकलुकत राहिली. ती मी सहज ठेवली होती, चार ओळींत झालेली, कुठल्याही ब्राउझरात एकसारखी चालणारी. आख्ख्या वेबसाइटवर टेकूशिवाय उभी राहिलेली तेवढी एकच गोष्ट.

"सुंदर," काका म्हणाले. यादी उघडून पाहिली, मिटून पाहिली. विचार न करता मिटली. मग पुन्हा वर जाऊन त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय सारखं लुकलुकतंय गं? बिघडलंय का? तेवढं काढून टाक."